फार वेळ म्हणजे किती वेळ?

रात्री साडेअकराला तुम्ही फोनवर सकाळी सहाचा गजर लावता, फोन उशाशी ठेवता आणि झोपता. पुढच्या साडेसहा तासांतला बराचसा वेळ नुसता पडदाच नव्हे, तर आतला आकडेमोड करणारा प्रोसेसरही थांबलेला असतो. तरी गजर सहालाच होतो. सहा वाजून दोन मिनिटांनी नाही.

मग रात्रभर जागं कोण होतं?

तांदळाच्या दाण्याएवढा एक क्वार्ट्झचा स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र दिसतो, पण मुद्दाम निवडलेला आहे. तो पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. मनगटावरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच आकडा असतो. फोनमध्ये या स्फटिकाजवळ एक छोटं सर्किट असतं. ते ठोके मोजत बसतं आणि ठरलेला आकडा आला की प्रोसेसरला उठवतं.

इतकी शांत झोप कॉम्प्युटरला कायमच येत होती असं नाही. वीस वर्षांपूर्वी लिनक्सवर चालणारा साधा लॅपटॉप काही काम नसतानाही सेकंदाला हजार वेळा दचकून उठायचा. त्याच्याही आधी वेळ मोजायची म्हणजे प्लगमधल्या विजेचे हेलकावे मोजायचे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात वेळ कसा मोजला गेला त्याची ही गोष्ट आहे. या गाभ्याला कर्नल म्हणतात. सैन्यातला कर्नल नव्हे, फळातल्या बियांच्या आत असतो तो गर. या गोष्टीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: हे यंत्र सलग किती वेळ चालू राहील? ज्यांनी तो विचारायचा, त्यांनी बहुतेक वेळा तो विचारलाच नाही.

टपलीचा शोध

१९५०च्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र आणि त्याच्यापुढे रांग. कार्डांवर भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायचा, कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालासाठी काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग. यंत्राचा वेळ महाग होता आणि माणसाचा स्वस्त.

एमआयटीमधल्या जॉन मॅकार्थी यांनी १ जानेवारी १९५९ या तारखेचं एक टिपण लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरावं. यंत्र इतकं वेगवान आहे, की प्रत्येकाला थोडा थोडा वेळ आळीपाळीने दिला तर प्रत्येकाला वाटेल, हे यंत्र माझंच आहे. नोव्हेंबर १९६१मध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या यंत्रावर ते करून दाखवलं. त्या व्यवस्थेचं नाव सीटीएसएस.

अडचण एका साध्या गोष्टीत होती. प्रोसेसर एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवतो. मग तुमचा प्रोग्रॅम चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिम काय करत असते? काहीच नाही. ती मेमरीत निपचित पडलेली असते, कारण तीही एक प्रोग्रॅमच आहे आणि या क्षणी तिची पाळी नाही. तुमच्या प्रोग्रॅमने प्रोसेसर परत दिलाच नाही, तर तो हिसकावून घ्यायला कोणी शिल्लकच नसतं.

म्हणून प्रोग्रॅमच्या बाहेरचं, त्याला न जुमानणारं काहीतरी हवं होतं. ठरावीक वेळाने एक टायमर प्रोसेसरला टपली मारतो. टपली बसली की प्रोसेसर हातातलं काम आहे तिथे थांबवतो आणि कर्नलकडे जातो. कर्नल बघतो, आता पाळी कोणाची. या टपलीला टायमर इंटरप्ट म्हणतात. सीटीएसएससाठी आयबीएमच्या यंत्रात मुद्दाम बदल करून घ्यावे लागले, त्यात असं टपली मारणारं घड्याळही होतं.

आपल्याकडे हे यंत्र फार जुनं आहे. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. २४ मिनिटांनी वाटी भरून बुडते, राखण करणारा माणूस टोला देतो, वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडतो. पूर्वी लग्नाचा मुहूर्त या घटिकापात्रावर धरत. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग तिथलाच. वाटीला वेळ कळत नाही, ती फक्त बुडते. किती वेळा बुडाली हे लक्षात ठेवणाऱ्याकडे वेळ असतो. कर्नलचंही तसंच आहे. टायमर टपली मारतो आणि कर्नल टपल्या मोजतो.

ही व्यवस्था सगळ्यांनी लगेच उचलली नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला घरोघरी दिसणाऱ्या विंडोज ३.१मध्ये एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला वाट द्यायची ती स्वखुशीने. एखादा अडला की सगळा पडदा गोठायचा, आणि मग कॉम्प्युटर बंद करून चालू करण्यावाचून गत्यंतर नसायचं.

प्लगमधला ठोका

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहिलं. आज तुमच्या फोनमध्ये जे आहे, अँड्रॉइड असो वा आयफोन, त्याची वंशावळ किंवा निदान संस्कार इथले. १९७१मध्ये युनिक्स पीडीपी-११ या यंत्रावर चालत होतं. त्या यंत्राचं घड्याळ विजेच्या पुरवठ्यावर चाले. अमेरिकेत घरातली वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, म्हणून सेकंदाला ६० टपल्या. आपल्याकडे ती ५० घेते.

मग युनिक्सनेही वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजला. १ जानेवारी १९७१च्या मध्यरात्री शून्य, आणि तिथून पुढे एक एक वाढवत जायचं. आकडा ठेवायला ३२ बिटांची जागा. तिच्यात साधारण ४२९ कोटींपर्यंत मोजता येतं. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण सेकंदाला ६० या वेगाने ही जागा सव्वादोन वर्षांत भरते. लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकात त्रुटींच्या रकान्यात त्यांनी ते थट्टेच्या सुरात नोंदवूनही ठेवलं. जागा भरत आली की ते शून्याची तारीख पुढे सरकवत.

अखेर १९७३च्या सुमारास त्यांनी साठावे भाग सोडून पूर्ण सेकंद मोजायला सुरुवात केली आणि शून्य १ जानेवारी १९७०ला नेऊन ठेवलं. ३२ बिटांपैकी एक बिट धन-ऋण चिन्हाला गेला, उरलेल्या ३१मध्ये ६८ वर्षं बसली. एका छोट्या प्रयोगासाठी ६८ वर्षं म्हणजे जवळजवळ कायमचंच. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

टीव्हीचा ठोका

१९८१मध्ये आयबीएमने पीसी बाजारात आणला. त्यात इंटेलची ८२५३ ही टायमरची चिप होती आणि तिचा वेग होता सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके. असा ओबडधोबड आकडा का? कारण पीसीमध्ये १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एक स्वस्त, सहज मिळणारा स्फटिक वापरला होता. त्याला तीनने भागलं की प्रोसेसरचा वेग, चारने भागलं की अमेरिकन रंगीत टीव्हीला लागणारा रंगाचा संकेत आणि बाराने भागलं की टायमर. एकाच स्फटिकात तीन कामं. टायमरच्या ठोक्यांना पुन्हा ६५,५३६ने भागलं की सेकंदाला १८.२ टपल्या. डॉसच्या काळात पीसीला वेळ कळायचा तो या टपल्यांवरून. भारतात १९८२मध्ये रंगीत टीव्ही आला तो पाल या वेगळ्या पद्धतीचा, पण आपल्याकडच्या पीसींचा टायमर अमेरिकन टीव्हीच्याच तालावर चालत राहिला.

१९९१मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने नवा ३८६ पीसी घेतला. प्रोसेसर एका कामावरून दुसऱ्या कामावर कसा उडी मारतो हे त्याला करून बघायचं होतं. त्याने दोन छोटी कामं लिहिली. एक पडद्यावर नुसती ‘ए’ अक्षरं छापायचं, दुसरं नुसती ‘बी’. टायमरची टपली बसली की पाळी बदलायची. पडद्यावर ‘ए’ची रांग, मग ‘बी’ची रांग, मग पुन्हा ‘ए’ची. या खेळातूनच पुढे लिनक्स उभं राहिलं, आणि लिनक्सचा कर्नल आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. त्या पीसीवरच्या लिनक्सने टपल्यांचा वेग ठेवला सेकंदाला १००. टपल्या मोजणाऱ्या आकड्याला नाव दिलं ‘जिफीज’. इंग्रजीत जिफी म्हणजे क्षण, आपण म्हणतो तसं ‘पळभर’.

फार वेळ

त्याच वर्षी, म्हणजे १९९१मध्ये, आखाती युद्ध चालू होतं. सौदी अरेबियातल्या धहरान इथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती. तिचा कॉम्प्युटर चालू झाल्यापासूनचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचा. मोजणी अचूक होती. चूक त्या आकड्याचे सेकंद करताना व्हायची.

एक भागिले तीन लिहायला गेलो की ०.३३३ करत अंक संपतच नाहीत. कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत एक भागिले दहाचं तसं होतं. पेट्रियटमध्ये त्यासाठी २४ बिटांची जागा होती, म्हणून पुढचे अंक कापले गेले. कापलेला तुकडा सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढाही नव्हता. पण तो दर दहाव्या भागाला कापला जात होता. शंभर तासांत असे ३६ लाख भाग होतात. सगळे तुकडे मिळून साधारण एक तृतीयांश सेकंद.

२५ फेब्रुवारीला ही यंत्रणा सलग शंभर तासांहून जास्त चालू होती. इराकी स्कड क्षेपणास्त्र पुढच्या क्षणी कुठे दिसेल याचा तिचा अंदाज ६८७ मीटरने चुकला. तिने आकाशाच्या भलत्या तुकड्यात पाहिलं, तिथे काही दिसलं नाही आणि क्षेपणास्त्र सैनिकांच्या निवासावर पडलं. २८ जण गेले.

अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने १९९२मध्ये याचा अहवाल दिला. त्यात कळतं, की पेट्रियटची आखणी सतत जागा बदलणारी यंत्रणा म्हणून झाली होती. एका जागी काही तास चालवायची, बंद करायची, हलवायची. दिवसच्या दिवस कोणी चालू ठेवील हे गृहीतच नव्हतं. इस्राएलने दोन आठवडे आधी आपली निरीक्षणं कळवली होती: आठ तासांतच फरक पडू लागतो. दुरुस्त प्रोग्रॅम १६ फेब्रुवारीला तयारही झाला होता. २१ तारखेला सगळ्या तळांना सूचना गेली, की यंत्रणा फार वेळ चालू ठेवली तर अंदाज चुकू शकतो. ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, ते त्या सूचनेत लिहिलेलं नव्हतं. वेळोवेळी बंद करून चालू करा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दुरुस्त प्रोग्रॅम धहरानला पोचला तो २६ तारखेला, हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी.

चूक गणिताची होती, पण माणसं गेली ती न विचारलेल्या प्रश्नामुळे. असे प्रश्न इतरत्रही राहून गेले. विंडोज ९५मध्ये चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा होता. तो ४९.७ दिवसांत भरायचा आणि मग यंत्र अडकून बसू शकायचं. हे बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती विंडोज सलग ४९ दिवस चालवतो कोण? सप्टेंबर २००४मध्ये लॉस एंजेलिसच्या हवाई नियंत्रण केंद्राचा वैमानिकांशी रेडिओ संपर्क तुटला आणि तीन तास आला नाही. कारण पुन्हा मिलिसेकंदांचा आकडा, पुन्हा ४९.७ दिवस. तिथे धोका माहीत होता, म्हणून दर महिन्याला यंत्र रीस्टार्ट करायचा नियम केला होता. त्या महिन्यात ते राहून गेलं. काही विमानं ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ आली. टक्कर झाली नाही.

पाचव्या मिनिटाला

लिनक्समध्येही हाच खड्डा होता. सेकंदाला १०० टपल्या आणि ३२ बिटांचे जिफीज, म्हणजे ४९७ दिवसांनी आकडा भरून पुन्हा शून्यावर. सर्व्हर वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे हे घडणारच होतं.

आकडा शून्यावर गेल्याने बिघडतं काय? घड्याळाचंच बघा. रात्री अकरा वाजता झोपलात आणि एक वाजता जाग आली. एक हा आकडा अकरापेक्षा लहान आहे, म्हणून तुम्ही दहा तास मागे गेलात असं तुम्ही म्हणत नाही. पण नुसती लहानमोठ्याची तुलना करणारा प्रोग्रॅम तसंच म्हणतो. एका सेकंदाने उठायचं ठरवून झोपलेलं काम मग कित्येक महिने उठत नाही. उपाय सोपा आहे: थेट तुलना न करता दोन आकड्यांमधलं अंतर बघायचं, तेही घड्याळाच्या तबकडीवर बघतो तसं गोल फिरून. लिनक्समध्ये त्यासाठी तयार सूत्रं होती. ती वापरायला लोक विसरत. आणि विसरलेलं कळायला ४९७ दिवस लागत.

त्यावर कर्नल लिहिणाऱ्यांनी केलेली गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात शहाणपणाची वाटते. त्यांनी मोजणी शून्यापासून सुरू करणं सोडून दिलं. यंत्र चालू होताना जिफीजमध्ये असा आकडा भरायचा, की तो पाचच मिनिटांत भरून शून्यावर जाईल. ज्याच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक आहे, त्याला ती सव्वा वर्षाने मध्यरात्री नाही, तर चहा संपायच्या आत समोर दिसेल. आजही लिनक्स असंच सुरू होतं.

टपल्यांचा खर्च

डिसेंबर २००३मध्ये लिनक्सची २.६ ही आवृत्ती आली आणि तिने पीसीवर टपल्यांचा वेग १००वरून १,०००वर नेला. दर मिलिसेकंदाला टपली, म्हणजे गाणं, व्हिडिओ, माऊस सगळं जास्त सफाईने चालणार. पण लॅपटॉपवाले कुरकुरू लागले. प्रत्येक टपलीला प्रोसेसर झोपेतून उठतो. सेकंदाला हजार वेळा उठवलेल्याला गाढ झोप लागणार कशी? बॅटरी उतरायला लागली. वर आणखी एक भानगड होती. कधी प्रोसेसर दुसऱ्याच कामात एक मिलिसेकंदापेक्षा जास्त अडकायचा आणि टपली हुकायची. घटिकापात्र राखणाऱ्याला डुलकी लागली आणि वाटी तळाशीच राहिली, तर गावाचा वेळ मागे पडतो. तसं यंत्राचं घड्याळ मागे पडायचं. ऑगस्ट २००५मध्ये तडजोड झाली: मुळात २५०, ज्याला हवं त्याने बदलावं.

तडजोडीने दोन्ही बाजू थोड्या नाराज झाल्या. खरं उत्तर वेगळं होतं. टपली दोन कामं करत होती, वेळ सांगायचं आणि उठवायचं. ती वेगळी करायला हवी होती. जॉन स्टुल्ट्झ यांच्या कामातून पहिला भाग सुटला. टपल्या मोजायच्याच नाहीत, हार्डवेअरमध्ये आपोआप धावणारा एक आकडा असतो, वेळ हवा तेव्हा तो वाचायचा. डुलकी लागली तरी हरकत नाही, जागं झाल्यावर आकडा बघितला की किती वेळ गेला ते कळतं. थॉमस ग्लाइक्स्नर आणि इंगो मोलनार यांनी दुसरा भाग हाती घेतला. दर वेळी तीच २४ मिनिटांची वाटी कशाला? पुढचं काम कधी आहे ते बघा आणि नेमकी तेवढ्याच वेळात बुडेल अशी वाटी सोडा. एप्रिल २००७च्या २.६.२१ आवृत्तीत हे पीसीवर आलं. काम नसेल तर टपलीच नाही.

आणि मग लक्षात आलं, की कर्नल गप्प झाला तरी खोलीत शांतता नाही. त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप नावाचं साधन दिलं. प्रोसेसरला कोण किती वेळा उठवतंय, याची ते यादी दाखवायचं. कोणी प्रोग्रॅम उगाच सेकंदाला दहादा उठून ‘काही बदललं का’ विचारत होता, कोणी शंभरदा. नावं उघड झाल्यावर लिहिणाऱ्यांनी ते पटापट दुरुस्त केलं.

पहिला अँड्रॉइड फोन २००८मध्ये विकायला आला, म्हणजे ही दुरुस्ती झाल्यावर. पुढे २०१३च्या किटकॅटमध्ये अॅप्सचे गजर मुळातच थोडे सैल झाले. पाच अॅप्सना थोड्या थोड्या अंतराने उठायचं असेल तर सगळ्यांना एकदमच उठवायचं. २०१५च्या मार्शमेलोमध्ये ‘डोझ’ आलं. फोन बराच वेळ टेबलावर पडून असला की अॅप्सची बारीकसारीक कामं थोपवून धरायची आणि मधूनमधून एकदमच उरकायची. सकाळी फोन उचलल्यावर कधी कधी एखाद्या अॅपच्या सूचना घोळक्याने येतात, त्यामागे हे कारण असू शकतं. तुमच्या सहाच्या गजराला मात्र यातून सूट असते.

जास्तीचा सेकंद

वेळ सांगणारा वेगळा आणि उठवणारा वेगळा केला, की दोघांनी एकमेकांशी बोलत राहायला हवं. १ जुलै २०१२च्या पहाटे ते बोलले नाहीत.

पृथ्वीची गती थोडी अनियमित आहे. म्हणून १९७२पासून अधूनमधून जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घालतात. त्या दिवशी भारतात साडेपाच वाजत होते. लिनक्सने घड्याळ शिस्तीत एक सेकंद मागे घेतलं, पण बारीक टायमर सांभाळणाऱ्या भागाला कळवायचं राहून गेलं. त्याच्या हिशोबाने सगळं एक सेकंद पुढेच होतं. ‘अर्ध्या सेकंदाने उठव’ असं सांगितलं की त्याला वाटायचं, ती वेळ तर टळूनही गेली. तो लगेच उठवायचा. पुन्हा सांगितलं, पुन्हा लगेच. जगभर सर्व्हर काही काम नसताना तापू लागले, वेबसाइटी आडव्या झाल्या, ऑस्ट्रेलियात विमानतळावर प्रवाशांच्या रांगा लागल्या. सापडलेला तातडीचा उपाय मजेशीर होता: यंत्राला आत्ताची तारीख आणि वेळ पुन्हा एकदा सांगा. आहे तीच. तेवढ्याने दोन्ही भाग एकमेकांना भेटत आणि सर्व्हर शांत होत. मिनिटात साठच सेकंद असतात, हे गृहीतक इतकं खोल रुजलेलं होतं. आता २०३५पर्यंत जादा सेकंदाची ही प्रथाच थांबवायचं २०२२मध्ये ठरलं आहे.

८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद

आता त्या ६८ वर्षांकडे. १९७०पासून मोजलेले सेकंद ३१ बिटांत मावायचे थांबतील तो क्षण ठरलेला आहे. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्याच्या पुढच्या सेकंदाला जुन्या पद्धतीने मोजणाऱ्या यंत्रासाठी डिसेंबर १९०१ उजाडेल.

तुमचा सध्याचा फोन बहुधा ६४ बिटांचा आहे, त्याला भीती नाही. ६४ बिटांत २९,२०० कोटी वर्षं मावतात, आणि विश्वाचं वयच सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे. ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही लिनक्सने मार्च २०२०च्या ५.६ आवृत्तीत सोय केली. आर्न्ड बर्गमन आणि इतरांनी अनेक वर्षं कर्नलमधली एक एक जागा शोधून बदलली. पण नवा कर्नल आला म्हणून जुनं यंत्र आपोआप नवं होत नाही. एखाद्या लिफ्टमध्ये, कारखान्यातल्या नियंत्रण पेटीत, भिंतीत चिणलेल्या कुठल्याशा डब्यात जो प्रोग्रॅम एकदा भरला तो भरला. त्यातला प्रत्येक डबा कधीतरी कोणीतरी ‘एवढी वर्षं कोण वापरणार’ असं मनाशी म्हणत बसवलेला असतो. आज विशीत असलेला वाचक त्या मंगळवारी तिशीत असेल, आणि त्यातल्या काही डब्यांची दुरुस्ती बहुधा त्याच्याच गळ्यात पडलेली असेल.

बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये, फोनची माहिती देणाऱ्या पानावर, ‘अप टाइम’ नावाची एक ओळ असते. फोन शेवटचा चालू केल्यापासून किती तास झाले ते ती सांगते. एकदा उघडून बघा. तुम्ही बघत असतानाच शेवटचा आकडा पुढे सरकेल. माझ्या फोनवर आत्ता ४१३ तास दिसतायत. पेट्रियटच्या चौपट. सतरा दिवसांत मी तो बंद केलेला नाही, आणि बंद करायला हवा असं मला एकदाही वाटलेलं नाही.